पडायची जागा

१० नोव्हेंबर

पुन्हा लिहायला घेतलं. मनातलं ज्याच्याजवळ बोलायचं तो माणूस उद्यापासून दुसऱ्या बाईला घोड्यावरून पडायला शिकवणार आहे, मग वहीशिवाय उरलं कोण?

झालं ते असं. सकाळी दिग्दर्शकसाहेबांनी सगळ्यांना मोठ्या तंबूत बोलावलं. त्यांना इथे सौदीत सगळे अबू फहद म्हणतात. कॉफीचे छोटे कप फिरले आणि त्यांनी जाहीर केलं, की नूफ यापुढे सगळं स्वतः करणार. उडी, दौड, पडणं, सगळं. नूफ म्हणजे या मालिकेची नायिका. रियाधची मुलगी, उंच, देखणी, ती हसली की सगळं युनिट हसतं. डाकूंच्या टोळीमागे एकटी घोडा घालणारी बाई, असं तिचं काम आहे. आणि तिच्याऐवजी पडणारी बाई मी.

कोल्हापुरात बारा वर्षं हेच केलं. ऐतिहासिक मालिकांत जितक्या राण्या घोड्यावरून पडल्या त्यांतल्या निम्म्या मी होते. अख्ख्या महाराष्ट्राने माझी पाठ पाहिली आहे, तोंड कुणी पाहिलेलं नाही. त्याचं कधी वाईट वाटलं नाही. पडणं माझं होतं, तेवढं पुरे होतं.

नवरा माझा, बाळाराम, घोडे तयार करतो. सेटवर मी त्याला नावाने हाक मारते, सासूबाईंसमोर अहो. घोषणा झाल्यावर टाळ्या वाजल्या, त्यात याच्याही होत्या. मी विचारलं, "तुला आधीपासून माहीत होतं?" तर म्हणतो, "असू दे की गं. तेवढीच तुला विश्रांती."

मला कशाला हवी विश्रांती? मागच्या महिन्यात सरावात पडताना डोकं जरा आपटलं, तेच हा धरून बसलाय. कंपनीला कळलं असतं तर डॉक्टरची चिठ्ठी येईपर्यंत घोड्याला हात लावू दिला नसता, म्हणून मी त्याला माझी शपथ घातली. तोंड उघडायचं नाही. उघडलेलं नाही. पण टाळ्या वाजवायला शपथ आड आली नाही.

१३ नोव्हेंबर

दुपारी जेवणानंतर अबू फहदनी पडदा लावून जुन्या अमेरिकन मालिका दाखवल्या. काळ्या-पांढऱ्या. टोप्या, बंदुका, धुरळा. लहानपणी ते वडिलांबरोबर व्हिडिओवर बघायचे म्हणे. पडद्यावर कुणी घोड्यावरून कोसळलं की मांडीवर थाप मारून म्हणायचे, "बघा! नट स्वतः! त्या काळी सगळे स्वतः पडायचे!" नूफ पुढे सरकून डोळे फाडून बघत होती.

दोनदा ऐकून घेतलं. तिसऱ्यांदा राहवलं नाही. मुझम्मिल मास्टरना म्हटलं, "साहेबांना सांगा, टोपी बघा म्हणावं." मुझम्मिल आमचे स्टंट मास्टर, मूळचे मुंबईचे, आखातात केस पिकलेले, त्यांना अरबी येतं. घोडा दौडताना त्या नटाची टोपी मागे होती, कपाळ दिसत होतं. पडायच्या क्षणी टोपी नाकापर्यंत ओढलेली. म्हणजे माणूस बदलला. मागे नेऊन पाहिलं, तर खरंच. पुढच्या भागातही तेच, शिवाय पडणाऱ्याच्या पोटऱ्या निराळ्या. तंबूत हशा पिकला. मला बरं वाटलं. खोटं का सांगू, फार बरं वाटलं.

मग एक पडणं असं आलं, की टोपी उडाली, तोंड सरळ कॅमेऱ्याकडे, आणि माणूस तोच. खांद्यावर आला, लोळला, उठला, आणि धापा टाकत पुढचं वाक्य बोलला.

"ये तो सच में गिरा ना, दीदी?" नूफने विचारलं. तिचं हिंदी सगळं सिनेमे बघून आलेलं आहे.

"हां, ये गिरा," मी म्हटलं.

तोंडही त्याचं आणि पडणंही त्याचं. केव्हाच्या काळातल्या त्या परक्या माणसाचा मला हेवा वाटला. नूफकडे पाहिलं आणि कळलं, तिलाही तेच हवंय. तोंड तिच्याकडे आहेच. आता पडणंही हवं. मग माझ्याकडे काय राहील?

उठताना सगळे त्या दृश्यातल्या कुत्र्यावर हसत होते. मी म्हटलं, कुठलं कुत्रं? पडद्यावर डावीकडे सगळा वेळ शेपूट हलवत बसलं होतं म्हणे. असेल. मी पडणाऱ्याकडे बघते, कुत्र्यांकडे नाही.

१७ नोव्हेंबर

तिचा सराव बघायला जाणार नव्हते. गेले.

बाळाराम तिला सांगत होता, "टाच बाहर. ठुड्डी छाती पे. साँस छोड के गिरना, पकड के नहीं." हेच शब्द त्याने मला सांगितले होते, लग्नाआधी, पंचगंगेच्या वाळूत. मी या माणसाच्या रूपावर भाळले नव्हते, रूप आहेच कुठे, मी या शब्दांवर भाळले होते. आज तेच शब्द हिंदीत, दुसरीला उद्देशून ऐकले. मग त्याने तिचा खांदा धरून वळवला. खांदा धरल्याशिवाय वळवता येत नाही हे मला कळतं. मीसुद्धा मुलींना शिकवलं आहे. तरी जळले.

आणि ती पडली. पहिल्या दिवशी कुणी असं पडत नाही.

"दीदी, ठीक था?" अंगावरची वाळूही न झटकता धावत आली.

"ठीक था," मी म्हटलं, आणि चालायला लागले.

एक गोष्ट मात्र तिला शिकवायची नाही असं मी ठरवलं आहे. आमच्यात रीत आहे, जो पडणार त्याने आपली जागा आपण खणायची. हातभर उकरायचं, खडा न् खडा वेचायचा, माती चाळून मऊ करायची आणि वरून आधीसारखी दिसेल अशी झाकायची. कॅमेऱ्याला संशय येता कामा नये. आणि एकदा झाकली की दुसऱ्या कुणी त्या जागेत हात घालायचा नाही, काठीसुद्धा खुपसायची नाही. तपासणं म्हणजे त्याच्या कामावर अविश्वास. यावरून आमच्याकडे हाणामाऱ्या झाल्या आहेत. इथे अल खर्ज शहराच्या पुढे, दुधाच्या फार्मांपलीकडची जमीन वरून वाळू आणि आतून नुसते दगड. नूफच्या मऊ हातांना ती दाद देणार नाही. बघू कशी पडते मग.

२० नोव्हेंबर

बाळारामचं काहीतरी बिनसलंय. जेवताना माझं ताट फिरवतो. काल आमटी-भात जेवले, ताट बाजूला सारलं, तर याने ते अर्धं फिरवलं आणि म्हणाला, "भाजी राहिली की." बघते तर भेंडी जशीच्या तशी. आधी नव्हती. हा मागून वाढतो आणि मला विसरभोळी ठरवतो.

चालतानाही आता कायम माझ्या डाव्या अंगाने. नूफची केबिन त्याच बाजूला आहे, मला कळत नाही थोडंच!

डोकं ठणकतंय. इथलं ऊन नोव्हेंबरातही सोडत नाही. आज चहाचा पेला पाडला, दाराच्या चौकटीवर खांदा आपटला. माणसंही हल्ली पावलं न वाजवता येतात आणि एकदम समोर उभी राहतात. दचकले की वर मलाच हसतात.

आणि फोन. दिवसातून कितीदा तरी केबिनच्या मागे जाऊन बोलतो. आज त्याच्या फोनवर नाव दिसलं. रुचा.

"ही कोण?"

"रियाधच्या हॉस्पिटलात डॉक्टर हाय. आपल्याकडची. महाराष्ट्र मंडळातल्या एकानं नंबर दिला."

"तुला काय झालंय?"

"मला? काही न्हाई."

म्हणजे एक नाही, दोन. संध्याकाळी मास्टर नूफचं कौतुक करत होते, तेव्हा माझा तोल गेला. सगळ्यांसमोर म्हटलं, "एक बार पत्थर पे गिरने दो, फिर देखते हैं." कुणी हसलं नाही. मास्टरनी मान खाली घातली.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

आज सुट्टी. बाळाराम म्हणाला, रियाधला जाऊ, रुचाताईंनी जेवायला बोलावलंय. मला वाटलं, बरं झालं, एकदा डोळ्यांनी बघून तरी घेऊ.

बाई चिपळूणची. साधी आहे, चष्मा, केस वर बांधलेले. भरली वांगी आणि सोलकढी केली होती. "अहिल्याताई, सावकाश जेवा," म्हणत सारखी माझ्या ताटाकडे बघत होती. नवरा कामावर गेलेला. बाळाराम नि ती एकमेकांशी फार थोडं बोलत होती. जेवढं थोडं बोलतील तेवढी मला खात्री पटत होती.

जेवणानंतर बाई कागद-पेन्सिल घेऊन आली. मुलीच्या शाळेसाठी फूल काढून हवंय म्हणे. मी काय चित्रकार आहे? पण काढलं. मधे गोल, भोवती पाकळ्या, देठ, एक पान. चांगलं जमलं होतं. त्यांची सहा वर्षांची सुरुची बघून म्हणते, "आंटी, व्हाय ओन्ली हाफ?" इथल्या पोरांना वळण म्हणून नाही.

रुचाने बाळारामकडे पाहिलं. बाळारामने रुचाकडे. ती नजर कुठल्याही बायकोला ओळखता येते.

"अहिल्याताई," ती माझा हात धरून म्हणाली, "आत्ता आपण हॉस्पिटलमध्ये जाऊ या का? मी येते बरोबर. डोक्याचा एक स्कॅन करून घेऊ. उशीर करण्यात अर्थ नाही."

"मला वेडी ठरवायला?" मी म्हटलं. "तसा कागद मिळाला की तुमचा रस्ता मोकळा, नाही का?"

तिचं तोंड उतरलं. मी चपला घालून बाहेर पडले. एकच चप्पल सापडत होती, दुसरी बाळारामने आणून पायात घातली.

परतताना गाडी चालवता चालवता हा रडला. पोटात पाप असलेली माणसं रडतातच. "एकदा स्कॅन कर. पाया पडतो तुझ्या." मी खिडकीकडे तोंड केलं आणि सांगितलं, कुणाजवळ एक शब्द बोललास तर माझं मेलेलं तोंड बघशील. त्याने बाहीने डोळे पुसले. मग म्हणाला, "रविवारचा नूफचा शॉट होऊ दे. तू पडणार न्हाईस, तेवढं मला पुरं. त्यानंतर तुझी शपथ गेली खड्ड्यात, उचलून घेऊन जाईन."

रविवार. सगळं त्या मुलीच्या शॉटभोवती फिरतंय.

२४ नोव्हेंबर, दुपार

शॉट तिसऱ्या प्रहरी, अस्रच्या नमाजानंतर आहे. तोवर सावलीत बसून लिहिते.

सकाळी बाळाराम घोडा घेऊन पलीकडच्या टेकाडावर गेला आणि मुझम्मिल मास्टर माझ्याकडे आले. "अहिल्या, जगह तू बना दे. लडकी के बस का नहीं. तेरे जैसी जगह कोई नहीं बनाता." नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण बारा वर्षांत हे वाक्य कुणी मला म्हटलं नव्हतं. फावडं घेतलं.

नूफ मागोमाग आली. "मैं भी खोदूँ, दीदी? सिखाओ ना." मी तिला हाकललं. म्हटलं, जा, मेकअप करून घे.

मास्टरनी दोन काटक्या रोवून जागा आखली होती. मला एकच सापडली. नेहमीपेक्षा जागा लहान वाटली, कंजुषी करतात मेले. वाऱ्याकडे पाठ करून बसले आणि सकाळभर खणलं. दिसली तेवढी जमीन हातभर उकरली. गोटे काढले, मग खडे, मग खड्यांतले खडे, बोटांनी. चाळणीने माती चाळली. हाताला लोण्यासारखी लागते आहे. दुसऱ्या बाईसाठी आयुष्यात पहिल्यांदा जागा केली आणि इतकी चांगली स्वतःसाठीसुद्धा कधी केली नव्हती.

एकदा मनात आलं. आलंच, का लपवू? एक टोकदार गोटा हातात होता. राहू द्यावा वाटलं. कुणाला कळलं नसतं. थोडा वेळ तो मुठीत तसाच धरला, मग लांब भिरकावला. अजून इतकी वाईट नाही झाले.

वरून वाळू पसरली, फुंकर मारून सारखी केली. मास्टर येऊन उभे राहिले, "हो गया?" म्हणाले आणि पाऊलही न टाकता गेले. रीतच आहे तशी.

३ डिसेंबर, रियाध, हॉस्पिटल

आज रुचाने वही हातात दिली. म्हणाली, लिहा, पण थोडं. डोक्याची उजवी बाजू भादरलेली आहे, तिथे टाके आहेत.

त्या दिवसाचं लिहून टाकते, नाहीतर पुढे मीच त्यात काहीबाही बदल करीन.

घोडा भरधाव आला. नूफने टाच सोडली, हनुवटी छातीला लावली, श्वास सोडला. अगदी बरोबर पडली. आणि हाड मोडल्याचा आवाज आला. मला तो आवाज ओळखता येतो. गळ्याजवळचं हाड.

सगळे धावले. तिला उचलून गाडीत घातलं. मुझम्मिल मास्टर गुडघ्यांवर बसले आणि वरची वाळू हाताने सारायला लागले. खाली नुसते दगड, हे मला नंतर कळलं. जागेचा अर्धा भाग पिठासारखा मऊ आणि अर्ध्याला फावड्याचा स्पर्शसुद्धा नाही, मधे सुरीने कापल्यासारखी रेघ.

"आधी क्यों छोडी?" मास्टरनी विचारलं.

"कुठे सोडली? सगळी केली आहे."

"ये क्या है फिर?"

मला तेव्हा सगळी जागा मऊच दिसत होती. लोक माझ्याकडे बघत होते. पत्थर पे गिरने दो, हे मी म्हटलेलं सगळ्यांनी ऐकलं होतं. अबू फहद अरबीत काहीतरी ओरडत होते आणि त्यात माझं नाव होतं.

तेवढ्यात बाळारामचा आवाज आला. "उसको बायीं तरफ का दिखता नहीं, साहब. सर पे लगा था. उसने जान के नहीं किया."

मी आधी काय केलं असेल? त्याचं बोलणं तोडून मोठ्याने म्हटलं, "मुझे सब दिखता है. मैंने जान के छोडा. जलती हूँ मैं उससे." दुष्ट बाईला काही वर्षांनी कुणीतरी पुन्हा काम देईल. आंधळीला घोड्यावर कोण बसवणार? एवढा हिशेब डोक्यात रक्त साठलेलं असतानाही मला झटक्यात जमला.

मी म्हटलं, "विचारा बाळारामला. कुठे गेला तो? बाळाराम!"

मास्टरचे डोळे भरून आले. बाळाराम कुठेच गेला नव्हता. माझ्या डाव्या खांद्याला खांदा लावून उभा होता.

पुढचं रुचाने सांगितलं ते. मार लागल्यापासून आत हळूहळू रक्त साठत होतं, मेंदूच्या उजव्या बाजूवर दाब येत होता. असा दाब आला, की डावीकडचं जग माणसाच्या हिशेबातून जातं आणि ते गेलंय हेच त्याला कळत नाही. रक्त काढलं. आता ताटातलं सगळं दिसतं. सकाळी डावीकडून येणारी नर्स दारातच दिसली आणि मी रडले. रुचाची माफी मागितली, तर ती म्हणाली, "अहो ताई, चिडचिड, संशय, हेही त्या दाबानेच वाढतं. ते तुमचं नव्हतं."

हे वाक्य बाळारामने घट्ट धरून ठेवलं आहे. येईल त्याला सांगतो. आज नूफ आली, हात गळ्यात बांधलेला. मला वाटलं, थोबाडीत मारील. तिने माझ्या कपाळावर ओठ टेकले. "वो आप नहीं थीं, दीदी. डॉक्टर ने बताया. वो बीमारी थी."

सगळ्यांनी मला माफ केलं. ज्या बाईला माफ केलं ती मी नव्हतेच, असंही सगळ्यांचं ठरलं आहे. बाळाराम इतका हलका झालाय की मला वेगळं काही म्हणवलं नाही. घोड्यावर बसणं मात्र कायमचं गेलं. "पुन्हा डोक्याला मार लागला तर मी काही करू शकणार नाही," रुचा म्हणाली. तिने हे तीनदा समजावलं. मला पहिल्याच वेळी समजलं होतं.

२ फेब्रुवारी

रमजानच्या आत शूटिंग संपवायचं आहे, म्हणून आज तोच शॉट पुन्हा घेतला. मला अबू फहदशेजारी खुर्ची दिली होती, डोक्याला रुमाल, हातात लबनचा, म्हणजे इथल्या ताकाचा, पेला, एखाद्या आजारी मावशीसारखी.

नूफने अट घातली होती. जागा ती स्वतः खणणार. दीदी खुर्चीत बसून शिकवणार. मी शिकवलं. हाताला फोड येईस्तोवर खणलं तिने, एकदाही तक्रार केली नाही. झाकून झाल्यावर म्हणाली, "दीदी, हाथ डाल के देखो ना." मी म्हटलं, नाही, तुझी जागा आहे, मी हात घालणार नाही. तिला रीत समजली. तिचा चेहरा असा फुलला, की मला तोंड फिरवावं लागलं.

मग घोडा आला. यल्ला, चला, असं अबू फहद ओरडले.

डोक्यावरचा कपडा उडाला, तोंड कॅमेऱ्याकडे, टाच बाहेर. खांद्यावर आली, लोळली, उठली आणि धापा टाकत आपलं वाक्य बोलली. डावीकडून उजवीकडे पूर्ण पडणं मला स्वच्छ दिसलं. माझ्या सगळ्या आयुष्यात मी इतकी चांगली पडले नाही. पडले असते तरी ते राणीचं पडणं झालं असतं.

युनिट टाळ्या वाजवत होतं आणि ती गर्दीतून वाट काढत सरळ माझ्याकडे आली. "दीदी? कैसा था?"

टाच अडकली होती, परत कर, असं खोटंच सांगायला जीभ उचलली होती. मी सांगितलं असतं तर तिने परत केलं असतं, कितीही वेळा.

"अच्छा गिरी," मी म्हटलं.

ती माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. बाळाराम बाजूला उभा राहून बघत होता. ती गेल्यावर म्हणाला, "बघ. दोन महिन्यांपूर्वी तू असं म्हणाली असतीस काय? रुचाताई म्हणाल्या तेच खरं. ते सगळं त्या रक्तापायी होतं."

मी मान हलवली. रक्त काढून दोन महिने झाले. डोकं दुखत नाही, हातातून पेला पडत नाही, कुणी कुठल्याही बाजूने आलं तरी दिसतं. ठणठणीत आहे मी. आणि आत्ता हे लिहिताना आतून अशी जळते आहे, की नोव्हेंबरातलं जळणं त्यापुढे काहीच नव्हतं. ती पोरगी पुन्हा पडेल, पुन्हा पुन्हा पडेल, आणि दर वेळी तोंड तिचं आणि पडणंही तिचंच असेल.

बाळारामला हे सांगणार नाही. सांगितलं तर उद्या सकाळीच गाडी काढून मला रियाधला स्कॅनला नेईल. आणि स्कॅनमध्ये काही सापडणार नाही.